सगळ्यात लांब काय दिसतंय

हे तुम्ही स्वतः वाचायचं नाही. तुमच्या आईनं मोठ्यानं वाचायचं आणि तुम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघत ऐकायचं, असं मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही गेलं असतं. माझी शाळा-कॉलेजं इंग्रजीत झाली आणि पुढची सगळी नोकरी इंग्रजी पत्रं टाइप करण्यात गेली. पण यात ज्या बायका बोलतात त्या इंग्रजीत बोलायला लागल्या तर मलाच ओळखू येणार नाहीत. म्हणून मराठीत. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा.

फोनचीच गोष्ट सांगायची आहे.

तारापूरच्या पुढे, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं घर आहे. तुम्ही इथे एकदा आला होतात, धाकटा तेव्हा मांडीवर होता. तुमचे आजोबा वीजकेंद्रातून रिटायर झाले, कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आम्ही हे घर घेतलं. त्यांना मागची चिकूची झाडं हवी होती, मला पश्चिमेची खिडकी. आजोबा आता नाहीत. चिकू वटवाघळं खातात. खिडकी मात्र पूर्ण माझी आहे.

त्या खिडकीसमोर मी रविवारी संध्याकाळी बसायचे. समुद्रापलीकडे, तुमच्या देशात, तेव्हा सकाळ. माझी तयारी दुपारपासून चालायची. इस्त्रीची साडी, केस पुन्हा विंचरलेले. टेबलावर पोह्यांचा उंच डबा, डब्यावर माझी जुनी डिक्शनरी, तिच्यावर भिंतीला टेकवून फोन. पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी काढून स्वयंपाकघरात लावलं होतं, कारण फोनमध्ये ते माझ्या डोक्यामागून डोकावायचं आणि पसारा दिसायचा. पाण्याचा ग्लास डाव्या हाताला. सांगायच्या गोष्टी मनात ओळीनं लावलेल्या. त्यातली बहुतेक सांगून व्हायची नाहीत. तुम्ही समोर आलात की मी नुसती बघत राहायचे.

मोठी, तू खुर्चीत पाठ ताठ ठेवून बोलायचीस. ते तू माझ्याकडून घेतलं आहेस. धाकट्या, तू मात्र पुढे पुढे यायचास. आधी तुझा चेहरा दिसायचा, मग नाक आणि डोळे, मग एकच डोळा, आणि शेवटी नुसती भुवई.

"मागे हो ना जरा, आजीला फक्त तुझं कपाळ दिसतंय," तुझी ताई तुला म्हणायची.

"राहू दे गं," मी म्हणायचे.

मला वाटायचं, हा माझ्याजवळ येतोय. मग मीही पुढे सरकायचे, आणि दोन्हीकडून काचेला नाकं लावून आपण बसायचो. आठवड्यात कोणी माझ्या इतकं जवळ यायचं ते तेवढंच. फोन बंद झाला की काळ्या काचेत माझंच तोंड दिसायचं, तितक्याच जवळून. मी उठून डबा फळीवर ठेवायचे, डिक्शनरी कपाटात. रस्त्यावरून कॉलनीची शिफ्टची बस जायची, तिच्या दिव्यांचा उजेड भिंतीवरून सरकत जायचा आणि मग भिंत पुन्हा होती तशी.

एकदा तुमच्या आईचा फोन मधल्याच वारी आला. मी चहाचं आधण ठेवलं होतं.

"आई, बोलायला वेळ आहे?"

"मला काय, वेळच वेळ."

"धाकट्याला चष्मा लागला," ती म्हणाली. "आणि नंबर वाढायची लक्षणं आहेत म्हणे. मोठीचाही वाढलाय. शाळेत सगळं लॅपटॉपवर गं. वाचन त्याच्यावर, गणित त्याच्यावर, चित्रसुद्धा काचेवर बोटानं काढतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाळेचं तुमच्या हातात नाही, घरचं आहे. म्हणून मी घरचं सगळं बंद केलं. फक्त रविवारी अर्धा तास."

मी गॅस बारीक केला.

"रविवारी सकाळी त्यांचं कार्टून असतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तू असतेस."

"मग?"

"मग काय, त्यांनाच विचारते काय हवं ते. स्वतः ठरवलं की कुरकुर करत नाहीत. आई, रागावलीस का?"

"छे. डोळ्यांपुढे बाकीचं काय. पण तू त्यांना इतक्यात विचारू नकोस."

"का?"

"मी सांगेपर्यंत विचारू नकोस, एवढंच."

का, ते मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तुम्ही काय निवडाल याची मला भीती वाटली. कार्टून निवडलं असतंत तर मी तुम्हाला दोष दिला नसता. तुमच्या वयाच्या मुलांनी कार्टूनच निवडावं. पण ते मला कळलं असतं, आणि कळल्यावर पुढच्या प्रत्येक रविवारी मी ते मनात घेऊन बसले असते. आणि मला निवडलं असतंत, तर तुमच्या कार्टूनच्या जागी बसलेली म्हातारी म्हणून बसावं लागलं असतं. दोन्ही मला नको होतं. रविवार मात्र हवा होता.

त्या आठवड्यातल्या रविवारी तुम्ही कोणाच्या तरी वाढदिवसाला गेला होतात. आईनं आधी कळवलं होतं. तरी दुपारी मी साडीला इस्त्री केली, आणि डबा टेबलावर ठेवून त्यावर डिक्शनरी चढवल्यावर माझ्या लक्षात आलं. मग ते तसंच ठेवून मी खुर्चीत बसले. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा उठले.

आता दुसऱ्या एका पोरीची गोष्ट मध्ये येते, कारण तिच्यामुळेच पुढचं सुचलं.

माझ्याकडे एक मासेवाली येते. माझ्याच वयाची. मी तिला वयनी म्हणते, म्हणजे वहिनी, ती मला बाई. त्यांची स्वतःची होडी आहे, मुलगा ती समुद्रावर नेतो. तिची नात सहावीत. दुपारच्या वेळी ही नात माझ्याकडे इंग्रजी वाचायला यायची. बुद्धी चांगली, आवाज मोठा, आणि एक वाक्य वाचून झालं की पुढचं वाचण्याआधी माझ्या फळीवर खाऊचं काय आहे याची चौकशी.

एके दिवशी वयनीनं ओट्यावर पाटी उतरवली आणि मासे दाखवायच्या आधीच म्हणाली, "बाई, आमच्या पोरीनं काल बंदरावर नाक कापलं आमचं."

हे समजायला त्यांच्या घरची एक पद्धत माहीत हवी. भरतीच्या वेळी होड्या परत येतात, तेव्हा त्या लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, नुसते ठिपके. प्रत्येक होडीच्या काठीवर तिचा बावटा असतो, म्हणजे निशाण. यांचा वर पिवळा, खाली निळा. वयनीच्या घरात ज्याची नजर सगळ्यात तेज, त्यानं किनाऱ्यावर उभं राहून बावटा ओळखायचा आणि हाक द्यायची, "आमची आली." ती हाक आल्याशिवाय घरातली कोणीही बाई पाटी उचलत नाही. पूर्वी हे काम वयनीचं होतं. तिच्या डोळ्यांवर सारा आला, म्हणजे पडदा वाढला, तेव्हापासून ते नातीकडे आलं होतं, आणि नातीला त्याचा फार तोरा होता.

"मंग काय झालं?" मी विचारलं. वयनीशी बोलताना माझंही 'मंग' होतं.

"हाक दिली, आमची आली म्हणून. आमी सगळ्या पाट्या घेऊन पाण्यात. ही पुढं. गुडघाभर पाण्यातनं थेट होडीला जाऊन हात लावला. आन् होडी दुसऱ्याची. पिवळा न् हिरवा बावटा. त्या होडीवाल्याची आई काय म्हणाली ठाव हाय? म्हणाली, काय गं, आमच्याच घरात यायचं ठरलं काय तुजं? पोरगा बालवाडीत हाय आमचा, जरा दम धर."

सगळं बंदर हसलं होतं. दुसऱ्याच्या होडीला पाटी लावणं म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं ठेवण्यासारखं. नात पाटी पाण्यात टाकून घरी पळाली, आणि त्यानंतर किनाऱ्यावर यायला तयार नव्हती.

"आळस दुसरा काय," वयनी म्हणाली. "अब्यास हाय म्हणते न् फोन घेऊन बसते. शाळेत आता फळा नाय, बाई, भिंतीएवढा टीव्ही हाय. घरचा अब्यास फोनवर येतो. मंग मी फोन काढून घेऊ कसा? टीचरच देते ना."

त्यातली तक्रार थोडी आणि अभिमान जास्त होता. भिंतीएवढा टीव्ही असलेल्या शाळेत आपली नात जाते, हे तिला बोलून दाखवायचं होतं.

पुढच्या खेपेला पोरगी आली तेव्हा मी तिला पुस्तक न देता म्हटलं, शाळेचा धडा फोनवर आहे तोच वाच. मी वाल सोलत बसले. ती वाचू लागली. वाचता वाचता फोन वर आला, मान खाली गेली. थोड्या वेळानं पाहिलं तर फोनमागे तिचं तोंड नव्हतंच. होती ती एक भुवई.

माझा हात वालात तसाच राहिला.

"इकडे ये," मी म्हटलं. "खिडकीतून बघ. रस्त्यापलीकडे काय आहे?"

"माड."

"माडाखाली?"

"बाई बसलीय कोणतरी."

"कोण?"

तिनं मान जरा तिरकी केली. ती बघत नव्हती, ऐकत होती.

"खोकली असती तर सांगितलं असतं," ती म्हणाली.

माडाखाली तिची आजी बसली होती. रिकामी पाटी शेजारी ठेवून, नातीला घरी न्यायला आलेली, लाल लुगड्यातली तिची स्वतःची आजी. मधे फक्त रस्ता होता.

"कधीपासून असं?"

"काय कधीपासून? मला दिसतं सगळं."

"वर्गातल्या टीव्हीवरचं दिसतं?"

"मैत्रिणीच्या वहीतनं घेते लिहून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजीला नका सांगू. चष्मा लागला तर मला पाण्यात नाय नेणार. चष्मेवाली काय होडी ओळखणार म्हणतील."

ती गेल्यावर मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. धाकट्या, मला तुझी भुवई दिसत होती. तू माझ्याजवळ येत नव्हतास. तुला मी दिसत नव्हते.

वयनीला सांगावंच लागलं. तिनं आधी मानलं नाही, मग नातीला माडाखाली उभं करून स्वतः खिडकीत येऊन तिची परीक्षा घेतली, आणि मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चला कुटं जायचं तिथं." बोईसरपर्यंत रिक्षा, तिथून एसटीनं पालघर. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ज्यांनी केलं त्याच डॉक्टरांकडे नेलं. वयनीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि बसमध्ये नातीला पुन्हा पुन्हा विचारत होती, "त्या पाटीवर काय लिवलंय? आन् त्या?" पोरगी म्हणत होती, "बस पळतेय ना आजी, कसं वाचू?"

दवाखान्यात अक्षरांचा तक्ता समोर आला तशी तिनं वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी तक्ता बदलला. पहिली दोन मोठी अक्षरं झाली आणि पोरगी थांबली.

"आधीचा कसा वाचलास?"

"बाहेर बसले होते तेव्हा आतले पेशंट वाचत होते," ती म्हणाली. "पाठ झाला." शाळेत तपासणी झाली तेव्हाही तिनं हेच केलं होतं, रांगेत शेवटी उभं राहून.

डोळ्यांत थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासणी झाली. डॉक्टर शांतपणे समजावून सांगणारे आहेत. वयनीला म्हणाले, लागलेला नंबर काही जाणार नाही, चष्मा लावायचाच. पण वाढीचं वय आहे, नंबर फार वाढू नये म्हणून बघायचं. दिवसभर शाळेत पडदा, घरी फोन, म्हणजे डोळे सतत जवळचंच बघत राहतात आणि पोर घरातच बसून राहतं. मध्येमध्ये मान वर करून लांब बघितलं पाहिजे, आणि रोज दिवसाउजेडी बाहेर राहिलं पाहिजे, मोकळ्या जागी.

वयनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे समुद्रावर जायचं," ती म्हणाली.

"समुद्रावर गेली तर उत्तमच."

"आन् ही अब्यास हाय म्हणून घरात बसलीय." मग माझ्याकडे वळून, "बाई, आमी एवढ्या लांब आलो, आन् डॉक्टर सांगतात घरी जा."

डॉक्टरही हसले. पोरगी तेवढी हसली नाही. थेंबांमुळे तिला उजेड सोसत नव्हता. परतीच्या बसमध्ये तिनं ओढणी डोळ्यांवर घेतली आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. आजी पलीकडच्या सीटवर होती म्हणून माझ्या, दुसरं काही नाही. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि किंचित सुक्या बोंबलांचा वास होता. खांदा अवघडला तरी बोईसर येईपर्यंत मी हलले नाही. इतक्या दिवसांत कोणी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं नव्हतं आणि ते मला तोवर जाणवलंही नव्हतं.

चष्मा बोईसरला केला. दुकानदारानं तो तिच्या नाकावर बसवून तिला दारात उभं केलं आणि म्हणाला, "अब दूर देखो, बेटी." ती बघत राहिली. मग रिक्षा तारापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. पंक्चर काढून मिळेल. दम बिर्याणी. रूम भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिली. कामावरून सुटलेली माणसं वळून बघत होती. वयनीनं तिला एकदाही गप्प केलं नाही.

शाळेत मी वयनीबरोबर जाऊन टीचरना भेटले. चांगली मुलगी आहे, तुमच्या आईहून लहान. ती म्हणाली, धडे पडद्यावरच येतात, ते मला बदलता येत नाही. पण हिला पुढे बसवते, आणि घरचा अभ्यास आता बाजूच्या छोट्या फळ्यावर लिहीत जाईन, सगळ्यांनीच वहीत उतरवून घ्यावा. तिनं ते पुढे पाळलंही.

राहिला होता किनारा. पोरगी एकटी जायला तयार नव्हती, म्हणून वयनी म्हणाली, बाई, तुमी चला, तुमच्यापुढं कोण काय बोलणार नाय. रविवारची संध्याकाळ होती. तुमच्याकडून त्या आठवड्यातही फोन येणार नव्हता. मी अजून तुमच्या आईला काही सांगितलंच नव्हतं. डबा फळीवर होता. मी साधी साडी नेसले आणि गेले.

वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून आम्ही खाली उतरलो. पोरीच्या चष्म्याला वयनीनं जाळ्याची हिरवी दोरी बांधून ती मानेमागे गाठली होती, पाण्यात पडू नये म्हणून. बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. माझ्यापुढे कोणी काही बोलणार नाही हा वयनीचा अंदाज चुकला. त्या दुसऱ्या होडीवाल्याची आई लांबूनच म्हणाली, "आली का सूनबाई? चष्मा घालून आली, शिकलेली हाय."

पोरगी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि समोर बघायला लागली. मीही बघितलं. माझे डोळे ऑपरेशननंतर बरे आहेत, पण मला ठिपकेच दिसत होते, आणि त्यांच्यामागे उन्हानं पांढरं झालेलं पाणी. चष्म्यावर तुषार उडाले की ती ओढणीनं पुसायची आणि पुन्हा बघायची. बराच वेळ गेला. वयनी पाटीला हात लावून बसली होती, पण उचलत नव्हती. मला तिची बोटं दिसत होती.

"पहिली आमची नाय," पोरगी म्हणाली. "दुसरीपण नाय. तिसरी." आणि मग, मोठ्या आवाजात, "आमची आली."

वयनीनं पाटी उचलली.

पाण्यात शिरता शिरता पोरगी मागे वळली आणि त्या म्हातारीला म्हणाली, "तुमची पहिली हाय, मावशी. बावट्याचा रंग उडालाय तिच्या. नवा लावा आधी, मंग सून मागा."

या वेळी बंदर तिच्या बाजूनं हसलं. ती म्हातारीही.

मी वाळूवर उभी होते. सगळ्या आपापल्या होडीकडे गेल्या, मला कुठल्याच होडीकडे जायचं नव्हतं. तेव्हा मला तुमचा विचार आला. म्हणजे तो नेहमीच असतो, पण त्या वेळी सरळ आला. तुम्हाला बाहेर, उजेडात, लांबचं बघायला सांगितलं आहे. मी बाहेर, उजेडात उभी आहे, आणि माझ्यासमोर लांबच्याशिवाय काही नाही. आपण एकमेकांना बघितलं नाही तरी दोघं एकाच वेळी लांब बघू शकतो. फक्त त्याची किंमत मला आधी कळली होती: मला तुम्ही दिसणार नव्हतात.

घरी येऊन मी तुमच्या आईला फोन लावला.

"पोरांना विचारू नकोस," मी म्हटलं. "त्यांचा अर्धा तास त्यांना कार्टूनला दे. माझा फोन नुसता बोलायचा. रविवारी, त्याच वेळेला. पण त्यांनी बाहेर उभं राहून बोलायचं, जाकीट घालून का होईना. आणि मला सांगायचं, त्यांना सगळ्यात लांब काय दिसतंय."

ती म्हणाली, "आणि तू? तुला ते दिसणार नाहीत ना, आई."

"फोटो छापून पाठव कधीतरी. टपालानं."

"आई."

"अगं, मला ऐकू चांगलं येतं अजून."

तुम्ही काय निवडलं असतंत ते मला कळलेलं नाही. आईनं विचारलं नाही. तुम्हीही आता सांगू नका.

पहिला फोन फारसा जमला नाही, आठवतंय ना? मोठी, तू म्हणालीस, "आजी, इथे काही नाहीचे. घरं आहेत."

"घरांच्या मागे?"

"झाडं. पानं नसलेली."

"त्यांच्या मागे?"

मग धाकट्यानं फोन घेतला आणि म्हणाला, "एक मोठी टाकी आहे. पाण्याची. तिच्यावर अक्षरं आहेत."

"कुठली?"

"माहीत नाही. तुला काय दिसतंय?"

"होड्या."

"त्यांच्या मागे?"

"पाणी."

"आणि त्याच्या मागे?"

"त्याच्या मागे मला दिसत नाही," मी म्हटलं. "तुम्ही त्याच्याही मागे आहात."

वारा फोनमध्ये वाजत होता, तुमचा आणि माझा. मग धाकटा म्हणाला, "मी पण टाकीच्या मागे बघतोय."

आता रविवारी दुपारी इस्त्री नसते. कॅलेंडर मी परत भिंतीवर आणलं. पोह्यांचा डबा फळीवरून फक्त पोह्यांसाठी उतरतो. संध्याकाळी मी किनाऱ्यावर जाते, भरती नसली, होड्या नसल्या तरी. वयनीची नात असली तर फोनमध्ये तोंड घालून कुठली होडी कोणाची ते तुम्हाला सांगते, आणि मोठी, तिला सराव हवा म्हणून तुला तिच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. बायकांनी मला नाव ठेवलं आहे, समुद्राशी बोलणारी बाई. फोन ठेवल्यावर आता काळ्या काचेतलं तोंड बघावं लागत नाही. फोन पिशवीत जातो. पण परत येताना रस्ता तेवढाच आहे आणि घरात दिवा मलाच लावावा लागतो, हे तुम्हाला खोटं कशाला सांगू.

मला तुमचे चेहरे हल्ली आठवावे लागतात. आईनं पाठवलेला फोटो टेबलावर आहे, त्यात धाकट्यानं चष्मा लावला आहे आणि तो माझ्या ओळखीचा नाही. चष्मा लावलेल्या तुला, धाकट्या, मी हलताना पाहिलेलं नाही. रविवारी फोन येतो तेव्हा मी मान जरा तिरकी करते, त्या पोरीनं खिडकीत केली होती तशी.

मागच्या रविवारी, धाकट्या, तू टाकीवरची अक्षरं वाचून दाखवलीस. सगळी, एका दमात. त्यात दोन ठिकाणी 'स' होता, आणि दोन्ही वेळा तो शिट्टीसारखा निघाला.

"पुढचा दात पडला का रे?" मी विचारलं.

तू फोनपासून तोंड लांब करून म्हणालास, "आई, आजीला दिसतंय."